तपासणाऱ्याची सही

आप्पा, ती ओळ मी काढली होती.

एवढं एक वाक्य तुम्ही समोर असताना माझ्या तोंडातून निघालं नाही. जपानमधल्या ग्योतोकुच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात तुम्ही रोज सकाळी चहाचा कप घेऊन टॅब्लेटसमोर बसायचात आणि विचारायचात, "वैशे, कोण गं ही माणसं? माझी ओळ कुणाच्या डोळ्यात खुपली?" मी पोळ्या लाटता लाटता सांगायचे, "इंटरनेटवर कुणीही असतं आप्पा. सोडा की." दुसरं कुणी नव्हतंच. मीच होते.

तुम्हाला जाऊन पाच आठवडे झाले. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर लिही म्हणाले. जन्म कुठला, नोकरी किती वर्षं, पाठीमागे कोण कोण. मी म्हटलं, तसलं मला जमणार नाही. माझं आप्पांशी एक काम राहिलंय, तेवढं लिहिते.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांना नाही, म्हणून थोडं मागे जाते. तुम्ही आठवी पास. सैन्यात गाड्यांचे मेकॅनिक. मी पाचवीत असताना आपल्या सैन्याची एक लहानशी तुकडी पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशात गेली, तिथल्या सैनिकांना गाड्यांची देखभाल शिकवायला. त्या तुकडीत तुम्ही होतात. दीड वर्ष. त्या देशाचं नाव मी इथेही लिहीत नाही, कारण घरात तुम्ही ते कधी घेतलं नाही. आपल्याकडे त्याला नुसतं "तिकडं" म्हणायचे. "तिकडं असताना" असं तुम्ही सुरू केलंत की आई म्हणायची, "झालं, आता भाजी करपणार."

तुमच्या पत्रांत एमॅन्युएल असायचा. तिकडचा कॉर्पोरल, तुमचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. तुम्हाला "मास्टर" म्हणायचा आणि इंजिन सुरू झालं की तुमच्याकडून उचललेला एकच मराठी शब्द मोठ्यानं म्हणायचा: "आयला!" त्याच्याबद्दल वाचून मी शाळेत सगळ्या मैत्रिणींना सांगितलं होतं. मग तुम्ही परत आलात आणि एमॅन्युएलच्या गोष्टी थांबल्या. मी विचारलं तर म्हणालात, "हाय की तिकडंच." मी अकरा वर्षांची. मला ते पुरलं.

तिकडून तुम्ही आमच्यासाठी काय आणलंत? आईला रंगीत कापड, मला लाकडी हत्ती, आणि स्वतःसाठी चिंधीत गुंडाळलेला लोखंडाचा तुकडा. गाडीच्या मागच्या पाट्याचा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्टीचा, हाताच्या तळव्याएवढा, एका बाजूनं मोडलेला. खंडेनवमीला तुम्ही पाने, हातोडी, जॅक पाटावर मांडायचात आणि मधोमध तो तुकडा ठेवायचात. आई चिडायची. "मोडकं कुठं पूजेत ठेवतात का?" तुम्ही त्याला तेल लावून, कुंकू वाहून पुढचा पाना पुसायला घ्यायचात.

एकदा तुम्ही तो माझ्या हातात दिलात. मोडलेली बाजू उन्हाकडे धरलीत. "बघ. शिंपल्यावर असत्यात तशा रेषा दिसत्यात का? लोखंड एका दमात मोडत नाय. रोज थोडं थोडं मोडतं आणि रोजची एक रेघ ठेवून जातं. मोडलेलं लोखंड वाचता येतं, वैशे." आज जपानमधल्या विद्यापीठात मी हेच करते. धातू थकून कसा तुटतो ते वाचते. त्यावर पीएच.डी. केली. आपल्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि याचा मला अभिमान आहे, तो मी कुणापासून लपवत नाही. पण माझ्या प्रबंधात दीडशे संदर्भ आहेत आणि त्यात तुम्ही नाही. तुम्ही ऋणनिर्देशात आहात: "वडिलांचे आशीर्वाद." मी वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही हसला होतात. "आशीर्वाद कसले गं, मी पाटा दाखिवला तुला." मला वाटलं, चेष्टा करताय.

जपानला निघताना तो तुकडा मी मागून घेतला. टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवीन म्हटलं. तुम्ही बराच वेळ चिंधीची गाठ सोडत-बांधत बसलात, मग म्हणालात, "नेतीस तर ने. पाणी लागू देऊ नको."

आता गेल्या शरदातली गोष्ट. तुमची इथली तिसरी खेप. नव्वद दिवसांचा व्हिसा आणि करायला काही नाही. पहिल्या आठवड्यात तुम्ही आमच्या कचऱ्याच्या डब्यांना शिस्त लावलीत. जळणारा, न जळणारा, बाटल्या, डबे. प्रत्येक डब्यावर पांढऱ्या चुन्यासारख्या रंगात आकडे. खालच्या मजल्यावरच्या जपानी बाई येऊन बघून गेल्या. दुसऱ्या आठवड्यात कंटाळलात. तेव्हा माझ्या लेकीनं, ईरानं, तुम्हाला टॅब्लेटवर एक पान उघडून दिलं. ज्यात कुणीही भर घालू शकतं अशा एका ज्ञानकोशातलं पान: तिकडच्या सैन्याकडची शस्त्रं आणि वाहनं.

मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. तुमचा आवाज वीस वर्षांनी लहान झाला होता.

"रायफली बरोबर. मशिनगन बरोबर. ही उखळी तोप, ही बी बरोबर. ही आठ चाकांची रशियन गाडी, हिला दोन इंजिनं असत्यात ईरा. एक रुसलं तर दुसऱ्यावर घरी यायचं."

"सुगोई," ईरा म्हणाली. भारीच, असं.

"आणि हे बघ, ह्यांनी सगळ्या गाड्या चालू धरल्यात. येडे कुठले. यादीत असणं निराळं आणि चालणं निराळं. एक गाडी उघडायची, तिचं सामान काढून दुसऱ्या तीन चालू ठेवायच्या. उघडलेली तशीच उभी, पण यादीतनं जात नाय."

मग बोट खाली खाली सरकवलंत. "आमच्या चार नायत ह्यात," म्हणालात.

त्या चार गाड्या म्हणजे जपानी पिकअप. मागच्या हौद्यात दोन नळ्यांची विमानवेधी तोफ बसवलेल्या. तिकडच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही आणि एमॅन्युएलनं मिळून बनवलेल्या. तोफेचं वजन पेलावं म्हणून मागे पाच पाट्यांच्या जागी आठ पाटे घातलेले.

"घालू की आपण," ईरा जपानीत म्हणाली. तुम्हाला जपानी येत नाही आणि ती मराठी बोलत नाही, तिला फक्त समजते. तरी तुमचं दोघांचं कधी अडलं नाही. तुम्ही सांगितलंत, तिनं तिच्या शाळेतल्या इंग्रजीत टाइप केलं. पिकअपवर दुनळी तोप. वर्कशॉपमध्ये चार केल्या. तीन परत आल्या. मी तपासल्या. आणि खाली तुमचं पूर्ण नाव, हुद्द्यासकट.

संध्याकाळी तुम्ही मला ती ओळ दाखवलीत. मी कौतुक करायच्या आधी चर्चेचं पान उघडलं. सवय. तिथं कुणीतरी लिहून टाकलं होतं, "हे काका कोण?" आणि पुढे हसणारे चेहरे.

आप्पा, मला लाज वाटली. एरवी मी स्वतःला समजावलं असतं की लाज त्या लोकांची वाटली. खरं तसं नाही. मला तुमच्या नावाची लाज वाटली. त्या सुबक तक्त्यात तुमचा हुद्दा, तुमचं "मी तपासल्या." दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेत बसून मी माझ्या नावानं आत गेले, ती ओळ काढली, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: संदर्भ नाही.

ओळ गेल्याचं तुम्हाला ईरानं दाखवलं. मग आपलं भांडण सुरू झालं.

"संदर्भ म्हंजे काय लागतंय त्यांना?"

"छापील काहीतरी, आप्पा. पुस्तक, अहवाल, वर्तमानपत्र."

"आणि ज्यानं गाडी केली त्याचं?"

"ते नाही चालत. त्याला आठवण म्हणतात. पुरावा नाही."

"म्हंजे ज्यानं गाडी बघितली नाय त्याचं चालतंय, आणि जो खाली झोपून पाटे आवळत होता त्याचं नाय. बरंय तुमचं शिक्षण."

तुमचं शिक्षण, असं तुम्ही मला आयुष्यात पहिल्यांदा म्हणालात. मला झोंबलं. मग मीही जिथं लागेल तिथं मारलं. म्हटलं, "एवढा अभिमान आहे त्या गाड्यांचा, तर कधी विचार केलात, त्या तोफा कुणावर चालल्या असतील?"

तुम्ही कप बशीत ठेवलात. "केला," म्हणालात. एवढंच. आणि गॅलरीत जाऊन उभे राहिलात. खालून तोझाई लाइनची मेट्रो गेली, तिच्याकडे बघत. मी मागोमाग आले नाही. ते भांडण तिथंच उभं आहे, आप्पा, त्या गॅलरीत.

त्यानंतरच्या रविवारची आठवण मात्र गोड आहे, निदान अर्धी. आपण तिघं फिरायला गेलो होतो आणि नदीच्या बांधाजवळ एका जुन्या गॅरेजसमोर तुम्ही थबकलात. तुमचीच पिकअप. तेच मॉडेल. रंग उडालेला, पण उभी. तुम्ही तिच्या बोनेटवर असा हात ठेवलात की मी नजर वळवली. आतून गॅरेजवाले आजोबा आले, तुमच्याच वयाचे, टोपी उलटी. मला वाटलं आता ओरडतील. तुम्ही सरळ गाडीच्या मागे गेलात, गुडघ्यावर बसलात आणि पाट्यांवर टकटक केलंत. ते पण बसले. पुढचा तासभर मी आणि ईरा बाकावर बसून समोरच्या कोन्बिनी दुकानातला राईसबॉल खात होतो आणि तुम्ही दोघं म्हातारे गाडीखाली.

"काय बोलत असतील गं?" मी ईराला विचारलं.

"गाडी," ती म्हणाली. हा शब्द ती मराठीत म्हणते.

मग तुम्ही त्यांना बोटांनी दाखवलंत. पाच पाटे. नाही नाही, आम्ही घातले आठ. हातांनी तोफ दाखवलीत, धडधड करून. आजोबा आधी हसले. मग त्यांनी आठ बोटं पुन्हा मोजली, दोन्ही हात छातीसमोर फुलीसारखे धरले आणि म्हणाले, "दामे, दामे." नको, बरोबर नाही, असं.

परतीच्या वाटेवर तुम्ही आमच्या चार पावलं मागेच चालत राहिलात. मला वाटलं, दमलात.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी तुम्ही ईराच्या जुन्या वहीत काहीतरी लिहू लागलात. मी विचारलं तर म्हणालात, "संदर्भ तयार करतोय. त्या लोकांसाठी." आणि रोज सकाळी तोच प्रश्न, कोण गं ही माणसं. मला वाटायचं, आज सांगावं. मग वाटायचं, जाऊ दे, व्हिसा संपला की जातीलच परत. विमानतळावर तुम्ही ईराला कडेवर घ्यायचा प्रयत्न केलात, जमलं नाही, आठ वर्षांची घोडी झालीये ती. मला म्हणालात, "तुझ्या टेबलावरचा तुकडा हाय ना? बघ त्याच्याकडं जरा." मी म्हटलं, "हो हो, पाणी नाही लागू देत." मला तेवढंच ऐकू आलं.

दोन महिन्यांनी आईचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. शेजारच्यांच्या ट्रॅक्टरचं बोनेट उघडून तुम्ही उभे होतात, हातात पाना होता, आणि खाली बसलात ते बसलातच. आई फोनवर रडली नाही. म्हणाली, "ट्रॅक्टर सुरू झाला होता गं. सुरू करूनच गेले." मी पोचले तेव्हा तुम्हाला नेऊन झालं होतं. वाट किती बघणार? तेराव्यापर्यंत राहिले. तुमच्या पान्यांचा डबा पुसून ठेवला. मोठे पाने डावीकडे, तुमच्या क्रमानं.

इथे परत आल्यावर एका दुपारी ईरा शाळेचं दप्तर आवरत होती. मी सहज विचारलं, "आजोबा त्या वहीत काय लिहायचे गं?"

तिनं खणाच्या तळातून वही काढून दिली. म्हणजे ती होतीच घरात. "आईनं विचारलं तरच द्यायची, असं आजोबा म्हणाले होते," जपानीत म्हणाली.

"ती त्या लोकांना दाखवायची होती ना?"

ईरानं माझ्याकडे बघितलं. लहान मुलं मोठ्यांच्या वेडेपणाकडे बघतात तसं. "शित्तेता यो," ती म्हणाली. आजोबांना माहीत होतं. ओळ कुणी काढली त्याची नोंद पानाच्या इतिहासात असते, आणि त्यात माझं नाव होतं. पहिल्याच दिवशी तिनं ते तुम्हाला वाचून दाखवलं होतं. तुम्ही तिला काय सांगितलंत? "आईला बोलू नको. ती सांगेल."

अडीच महिने, आप्पा. रोज सकाळी. कोण गं ही माणसं? तुम्ही मला विचारत नव्हतात, वाट देत होतात. आणि मी पोळ्या लाटत होते.

वही मी बाकावर बसून वाचली, त्या गॅरेजसमोरच्या. घरात वाचवेना. एकेका गाडीला एकेक पान. तुमच्या वर्कशॉपच्या कार्डासारखं आखलेलं: गाडीचा नंबर, काय बिघडलं, काय केलं, आणि तळाशी दोन सह्यांच्या जागा. मेकॅनिकची सही. तपासणाऱ्याची सही. ही तुमची जुनी शिकवण. काम करणारा एक, तपासणारा दुसरा, आणि तपासणाऱ्यानं स्वतः गाडीखाली गेल्याशिवाय सही करायची नाही. माझ्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा तुम्ही तशी सही केली नाहीत कधी. उत्तरपत्रिका आण म्हणायचात. गणितात अठ्ठ्याण्णव मार्क पडले होते तेव्हा बाईंकडे जाऊन पेपर मागून आणावा लागला होता मला. बाई हसल्या होत्या. तुम्ही एकेक गणित बोटानं वाचलंत, कळत नव्हतं तरी, आणि मग सही केलीत.

पहिल्या तीन गाड्यांच्या पानांवर दोन्ही जागी नावं आहेत. तिकडचा कुणी सार्जंट तपासणारा होता. चौथं पान असं आहे. तुमच्याच शब्दांत उतरवते.

"गाडी नंबर चार. मागचे पाटे आठ. काम पुरे. रस्त्यावर जाण्यास योग्य. त्या दिवशी तपासणारा जागेवर नव्हता. गाडी ताबडतोब पाहिजे असा हुकूम. पाट्यांची जुडी उघडून बघायला अर्धा दिवस लागला असता. वरून बघितलं, ठोकून बघितलं, ठीक वाटलं. दुसरी सही पण मीच केली. तिसऱ्या दिवशी वाटेत मागचा पाटा मोडला. गाडी बसली. तोप होती म्हणून पोरं तिला सोडून आली नाहीत. पाच जण. एमॅन्युएल त्यात होता. गाडी नंतर ओढून आणली, त्याला परत येणं म्हणत नाहीत. माणसं आणता आली नाहीत. मधल्या पाट्याचा तुकडा मी ठेवला. यादीत हत्यारं लिहितात, ती कुणी तपासली ते लिहीत नाहीत. ते लिहायला पाहिजे म्हणून मी नाव घातलं होतं. तुकडा वैशालीच्या टेबलावर आहे. मी सही केली तेव्हा भेग होती काय, हे तिला कळेल. तो जपानी म्हणतो आठ पाटे घालणं चुकलं. तसंही असेल. विचारायचा धीर होत नाही. गोष्ट आधी सांगितली तर पोरगी बापासाठी खोटं बोलेल. न सांगता बघितलं तर खरं सांगेल."

खाली मेकॅनिकची सही. तपासणाऱ्याची जागा कोरी.

म्हणजे ती ओळ अभिमानाची नव्हती. मी लाजले, ते तुमच्या कबुलीला. आणि ज्या तुकड्यावर मी लोखंड वाचायला शिकले, ज्याखाली माझे कागद दाबून ठेवत आले, तो एमॅन्युएलच्या गाडीचा. संदर्भ मागत होते मी तुमच्याकडून, आणि तो माझ्याच टेबलावर होता. इतकी वर्षं तुम्ही वाट पाहिलीत, की ही कधीतरी आपणहून बघेल. हजार मोडलेले तुकडे तपासले असतील मी. तो एक नाही. तो माझ्यासाठी घरचा होता, आठवण होता. पुरावा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो मायक्रोस्कोपखाली घेतला. आधी साफ करावा लागतो. तुमचं इतक्या वर्षांचं तेल, दर खंडेनवमीचं, कापसाच्या बोळ्यानं पुसताना माझा हात दोनदा थांबला. कुंकवाचा लाल कण निघाला एक. तो मी टाकला नाही, वहीत ठेवलाय. पण तुमच्या तेलामुळेच ती बाजू गंजली नव्हती. कालची असावी अशी वाचता येत होती.

आता ऐका. गोष्ट मला कळली होती, त्यामुळे तुमची अट मोडलीच आहे. म्हणून प्रत्येक गोष्ट दोनदा मोजली, आणि शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याला काही न सांगता वेगळी मोजायला लावली. तो म्हणाला तेच मी म्हणते.

भेग जुनी होती. तुम्ही सही केलीत तेव्हा ती होती. हे मी गोड करून सांगणार नाही, तुम्हाला ते आवडलं नसतं. रेषा इतक्या बारीक आणि इतक्या दाट आहेत की ती तीन दिवसांत वाढणं शक्य नाही. पण ती सुरू झाली कुठून, ते दिसतं. पोलादाच्या आत, पृष्ठभागाच्या जरा खाली, एक कण आहे. मोहरीहून कितीतरी लहान. भट्टीतला मळ, पोलाद ओततानाच आत राहिलेला. कुठल्या भट्टीत, देव जाणे. तिथून भेग निघाली, आणि ज्या बाजूनं वाढली ती बाजू शेजारच्या पाट्याला चिकटलेली होती. वरून बघून दिसली नसती. ठोकून कळली नसती. जुडी उघडली असती तरी तेलकट हातांना आणि साध्या डोळ्यांना ती लागली असती असं मला छातीठोक सांगता येत नाही. आणि आठ पाट्यांचं: गॅरेजवाल्या आजोबांना म्हणावं, त्यांचं इतर गाड्यांसाठी बरोबर असेल, पण हा पाटा आठांमुळे मोडला नाही. पाचच असते तर आधी मोडला असता.

हे मी तुम्हाला एका दुपारी सांगू शकले असते. तुम्ही विमानतळावर म्हणालात, बघ त्याच्याकडं जरा. नुसता बघितला असता तरी.

कुणावर चालल्या त्या तोफा, हे तुम्हालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही कधी कळणार नाही. ते मी तुम्हाला मारायला विचारलं होतं. तुम्ही खरंखुरं उत्तर दिलंत. "केला." त्याबद्दल माफी मागते. ओळीबद्दलही मागते. त्या पानावर ती परत घातलेली नाही, कारण तिथला नियम अजून तोच आहे आणि नियम चुकीचा आहे असंही मला म्हणता येत नाही. पण इथे लिहिते, माझ्या नावानं: पिकअपवर दुनळी तोप. वर्कशॉपमध्ये चार केल्या. तीन परत आल्या. पाच माणसं आली नाहीत, त्यातला एक कॉर्पोरल एमॅन्युएल, इंजिन सुरू झालं की आयला म्हणणारा.

तुकड्याला पुन्हा तेल लावलंय. खंडेनवमीला ईराची कंपासपेटी आणि माझा मायक्रोमीटर यांच्यामध्ये तो बसेल. ती विचारेल मोडकं का ठेवलं, तर सांगेन, यावर आपलं घर चालतं.

आणि चौथ्या पानावर, कोऱ्या जागेच्या वर, लिहिलंय: तुकडा स्वतः तपासला. भेग जुनी, आतून सुरू झालेली, बाहेरून न दिसणारी. मेकॅनिकच्या कामात दोष आढळला नाही. खाली पूर्ण नाव घातलं, पुढे डॉक्टर लावून, तुम्हाला ऐकायला आवडायचं तसं.

या वेळी, आप्पा, दोन सह्या दोन माणसांच्या आहेत.